कोरडी ताटं

१

आमच्या घरात डायनिंग टेबल आलं ते शहाऐंशीच्या उन्हाळ्यात. जळगावला पिंप्राळ्यात आम्ही नवं घर बांधलं होतं. दारं-खिडक्या होऊन थोडं सागवान उरलं, तेव्हा जीवराम मिस्त्री म्हणाले, "वहिनी, याचे दहा-बारा पाट होतील." मी म्हटलं, "पाट नकोत. टेबल करा. सहा खुर्च्यांचं."

माझे सासरे चुडामण आबा तेव्हा नुकतेच पहूरहून आमच्याकडे राहायला आले होते. सासूबाई गेल्यावर शेत धाकट्या दिरांकडे सोपवून ते आले. टेबल पाहून म्हणाले, "घराचं हाटेल केलं का व सूनबाई?" माझे यजमान गिरधर पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. त्यांना टेबलाचं ना कौतुक ना तक्रार. मुलगी सुवर्णा तेव्हा आठ वर्षांची होती. ती टेबलाखाली घर करून खेळायची.

मला मात्र ते टेबल हवंच होतं. लग्नानंतर सात वर्षं पहूरला मी पंगती वाढल्या. आधी पुरुष, मग पोरं, मग आले-गेले आणि सगळ्यांचं झालं की चुलीपाशी आम्ही बायका, उरेल ते घेऊन. तेव्हा टेबलाचा मी एकच नियम केला. ताटं मांडायची, भांडी मध्ये ठेवायची, सगळ्यांनी एकदम बसायचं, लागेल ते ज्याने त्याने घ्यायचं. वाढायला कोणी उभं राहायचं नाही.

मी मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत असे. मेजाची सजावट हा आमच्या पुस्तकातला चार पानांचा धडा. मुली तो पाठ करत आणि विसरत. मी तो घरी करून पाहू लागले आणि मला त्याचा नादच लागला. फाल्गुनात गिरधर साइटवरून येताना सातपुड्याकडचा पळस आणायचे, तो मी तांब्याच्या घागरीत लावायची. पोळ्याला मधोमध मातीची बैलजोडी आणि भोवती ज्वारीची हिरवी धाटं. दिवाळीला कापसाची उमललेली बोंडं आणि त्यांच्यामध्ये पणत्या. संक्रांतीला काळं कापड, त्यावर पांढऱ्या हलव्याची नक्षी आणि बोरं, ऊस, गाजरं. हिवाळ्यात भरिताची वांगी आली की हिरव्या-जांभळ्या वांग्यांचीच आरास करायची आणि संध्याकाळी तीच भाजून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. कॉलनीतल्या बायका बघायला यायच्या. आबासुद्धा पुढे पुढे सणाच्या आदल्या दिवशी विचारायचे, "उद्या काय मांडतं?"

बसायच्या जागा ठरलेल्या. खिडकीकडे आबा, डोक्याशी गिरधर, आबांच्या समोर सुवर्णा, स्वयंपाकघराच्या दाराजवळ मी. दोन खुर्च्या पाहुण्यांच्या.

तीन वर्षं हे सगळं फार छान चाललं. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल, त्या टेबलातच काही असेल. टेबलात काही नव्हतं. जीवराम मिस्त्रींनी माझ्या डोळ्यांदेखत ते रंधलं होतं.

२

एकोणनव्वदची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. शाळेला सुट्टी होती. सकाळीच मी पांढरं कापड घालून कडेने आंब्याची पानं लावली, मधोमध परातीत डांगर, म्हणजे खरबूज, आणि चार आंबे ठेवले आणि चार ताटं मांडली. रिकामीच, नुसत्या वाट्या लावून. चटणी-कोशिंबिरीची लहान वाटी डावीकडे, रसाची आणि भाजीची उजवीकडे.

मग पितरांची घागर भरली. आबांनी चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकून आगारी दिली. मी पुरणाचं पातेलं घेऊन बाहेर आले, तर आबा टेबलाजवळ उभे होते आणि आपल्या ताटाकडे बघत होते.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "हे काबरं असं मांडलं?"

त्यांच्या ताटातल्या वाट्या उलट्या बाजूंना होत्या. लहान डावीकडे हवी ती उजवीकडे, मोठ्या दोन डावीकडे. बाकीची तीन ताटं बरोबर होती.

आमच्याकडे असं पान फक्त श्राद्धाला मांडतात. गेलेल्या माणसाला उलटं वाढायचं आणि जिवंत माणसाने चुकूनही त्यावर बसायचं नाही. शाळेत मुलींना ताट वाढायला शिकवताना ही गोष्ट मी दरवर्षी सांगायची. मुली हसायच्या.

"सुवर्णाने हलवलं असेल," मी म्हटलं आणि पटकन वाट्या फिरवल्या.

सुवर्णा सकाळपासून शेजारच्या अंगणात झोक्यावर होती. जेवायला तिला दोनदा हाका माराव्या लागल्या. हे मला त्याच वेळी आठवलं, पण मी ते बाजूला ठेवलं. सणाच्या घाईत माणसाचा हात चुकतो. माझाच चुकला असणार. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली. वाट्या फिरवताना त्यांचा तळ कोमट लागला. रिकाम्या वाट्या, स्टीलच्या. आंब्याच्या पानांवर ऊन आलं होतं, म्हणून असेल.

३

श्रावणात कानबाईच्या सणाला पुन्हा तेच झालं. पुन्हा आबांच्याच ताटात. मी लक्ष ठेवून होते, तरी. मी वाट्या सरळ केल्या.

पोळ्याला आमची अर्धी शाळा होती. पुरणपोळ्या मी पहाटेच करून ठेवल्या होत्या, टेबल मांडून ठेवलं होतं, बैलजोडी आणि ज्वारीची धाटंसुद्धा. मी आल्यावर सगळ्यांनी बसायचं असं ठरलं होतं. साडेबाराला घरी आले, तर आबा खाटेवर आडवे होते आणि बडीशेप चघळत होते.

"आबा, चला, बसू या."

"मी जेवलो ना."

"एकटेच? कधी?"

"आत्ताच. तूच त वाढलं, माय." ते माझ्याकडे असं बघत होते, जणू मी थट्टा करते आहे. "दोन पोया आग्रह करकरून वाढल्या. आता पोटाले जागा नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. पोळ्या मोजून केल्या होत्या, तेवढ्याच होत्या. कटाच्या आमटीवर साय धरली होती, ती मोडलेली नव्हती. टेबलावर आबांचं ताट कोरडं होतं. वाट्या उलट्या मांडलेल्या होत्या आणि त्यांची खुर्ची मागे ओढलेली होती, माणूस उठून गेल्यावर असते तशी.

भांडी घासायला आमच्याकडे भागाबाई यायच्या. पारोळ्याकडच्या, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ पण मनाने साफ. त्या दिवशी त्यांनी आबांचं ताट हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, हाई ताट कोरडंच शे. धवू का नको?"

"धुवा," मी म्हटलं.

गिरधरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हातारपण आहे. स्वप्नात जेवले असतील." मलाही तेच पटलं. माझी एक आजी अशीच दिवसातून तीनदा न्याहारी मागायची. हे त्याच्या उलट, एवढंच.

४

पण आबांनी त्यानंतर माझ्या हातचं काही खाल्लंच नाही.

सकाळचा चहा घ्यायचे, पाणी प्यायचे. जेवायला बसायचे, गप्पा मारायचे आणि ताट तसंच ठेवून उठायचे. आम्ही रागावलो तर कळवळून म्हणायचे, "अरे, किती जेवू मी? दुपारीच पोटभर वाढलं सूनबाईनं." दुपारी मी शाळेत असायची. मस्टरवर माझी सही असायची. मी ती पुढे मुद्दाम बघून यायला लागले, यावरून माझी अवस्था समजा.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबून बघितलं आणि हसून म्हणाले, "प्रकृती उत्तम आहे. चोरून खात असतील काहीतरी." रेल्वे स्टेशनावर वजनाचा काटा होता. मी आबांना दर रविवारी फिरायला म्हणून तिथे नेत असे. वजन एक किलोनेही उतरलं नाही.

माणूस न जेवता दीड महिना राहू शकत नाही. अन्नघटक, उष्मांक, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तेव्हा ते कुठेतरी जेवत होते, यात शंका नव्हती.

दसऱ्याला मी टेबल मांडलं नाही; दुपारी शाळेच्या पूजेला गेले होते. ते आबांच्या लक्षात आलं. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "यंदा नुसतंच कापड?"

"कंटाळा आला, आबा."

"दुपारी त छान मांडलं होतं," ते म्हणाले.  मग माझा चेहरा बघून म्हणाले, "सूनबाई, एक इचारू? तू वाढतं तवा बोलत काबरं नाही? नुसती हुबी राहतं. बस म्हटलं, तरी बसत नाही."

 मी त्यांच्या पाया पडले. तो सणाचा दिवस होता, म्हणून त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा खाटेवरच गेले. शांतपणे, हात पोटावर ठेवून. त्यांना पहूरला नेलं. खांदा देणारे भाऊबंद आपसात बोलले ते मी ऐकलं. दीड महिना अन्नावरून उठलेला माणूस, पण चौघांना जड झाला.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे होते, पुष्कळ होते. दोन खाली उतरले, पिंडाभोवती चालले, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेले. मंडळी हात जोडून एकेक सांगू लागली. शेताची काळजी करू नका, आबा. सुवर्णाचं लग्न थाटात करू, आबा. दीड तास ऊन डोक्यावर घेऊन सगळे उभे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं. बाया म्हणाल्या, काहीतरी इच्छा राहिली म्हाताऱ्याची.

मी एका बाजूला उभी होते आणि माझ्या मनात भलतंच येत होतं. त्यांची इच्छा राहिली नव्हती. त्यांचं जेवण आधीच झालं होतं.

५

घरात दुःख, त्यामुळे वर्षभर सण करायचा नव्हता. मला सुटल्यासारखं झालं. टेबलाची सगळी कापडं, बैलजोडी, पणत्या, हलव्याचा डबा, सगळं मी पत्र्याच्या ट्रंकेत भरलं आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या मंगळसूत्रात अडकवली. टेबल उघडं ठेवलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दारात एकच पणती लावायची होती. दुपारी मी दळण आणायला गेले. गिरणीत गर्दी, तासभर लागला. डबा कमरेवर घेऊन परत आले, जाळीचं दार ढकललं आणि तिथेच थांबले.

टेबलावर तपकिरी कापड होतं. मधोमध कापसाची बोंडं रचलेली होती, मागच्या वर्षी मी रचली होती अगदी तशी, देठ आत, बोंडं बाहेर, आणि त्यांच्यामध्ये पाच पणत्या. गिरधर आपल्या खुर्चीवर बसून हात पुसत होते. त्यांच्यापुढच्या ताटात काही नव्हतं. वाट्या उलट्या होत्या.

"दुःखाच्या वर्षात कशाला एवढं केलंस?" ते म्हणाले.  "पण बरं वाटलं. आबांना आवडायचं."

"तुम्ही जेवलात?"

"म्हणजे काय! आत्ताच उठतोय. तूच खुर्ची ओढून दिलीस ना."

"अहो, माझ्या कमरेवर दळणाचा डबा आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "मी आत्ता दारातून आत येते आहे. बघा तरी माझ्याकडे."

त्यांनी बघितलं. डब्याकडे, माझ्या पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांकडे. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली. मग ती गेली. "दमली आहेस तू," ते म्हणाले. "थोडी पड."

ट्रंकेचं कुलूप लावलेलं होतं. आत तपकिरी कापडाची घडी नव्हती.

त्यानंतर मी स्वतःवर पाळत ठेवली. माझ्याच हातून हे होत असेल आणि मला आठवत नसेल, हे शक्य होतं. आबांच्या जाण्याने डोक्यावर परिणाम झाला असेल. मी वहीत दर तासाला लिहून ठेवू लागले: कुठे आहे, काय करते आहे, सोबत कोण आहे. महिनाभर लिहिलं. वहीत एकही तास रिकामा नव्हता. आणि गिरधर महिनाभर माझ्यासमोर जेवले नाहीत.

जीवराम मिस्त्रींना बोलावलं, टेबल खोलून न्यायला. त्यांनी आश्चर्याने विचारलं, "काय बिघडलं?"  गिरधर म्हणाले, "आबांच्या आठवणीचं टेबल आहे, राहू दे." मिस्त्री चहा पिऊन गेले.

पौषात एकदा भागाबाई हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या. रविवार होता.

"ताई, एक इचारू? तुम्ही दुपारले घर येतस का?"

"नाही. का?"

"मी मोरीमा भांडा घासस ना, तवय तुमना बांगड्यासना आवाज येस. आठे, टेबलपाशी. मी हाक मारी तं कोनी बोलत नही." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आनी ताई, आते पोरगीनं ताट बी कोरडं ऱ्हास."

"सुवर्णाचं?"

"चार दिन व्हयनात."

सुवर्णाची शाळा सकाळची. ती बाराला घरी यायची. तिचं जेवण मी झाकून जायची आणि संध्याकाळी ती म्हणायची, भूक नाही. पौषातली थंडी, शाळेतली बोरं, चिंचा, असं मी मनाशी म्हणत आले होते. चार दिवस मी माझ्या पोरीच्या कोरड्या ताटाकडे बघितलंच नव्हतं. मी तेव्हा गिरधरांकडेच बघत होते.

सुवर्णाला जवळ घेऊन विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, "तू घरी असतेस ना दुपारी. मग मी तुझ्याबरोबरच जेवते."

"मी बसते तुझ्याबरोबर?"

"नाही," ती विचार करून म्हणाली. "तू उभी असतेस."

६

सोमवारी मी रजा घेतली. दिवसभर घरी बसले. काहीच झालं नाही. सुवर्णा माझ्यासमोर बसली, दोन घास चिवडले आणि ताट बाजूला सारलं. मंगळवारीही तसंच. मी घरात असले की तिथे कोणी येत नव्हतं आणि पोरीला भूक लागत नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं नव्हतं, गाल भरलेले होते. आबांचेही शेवटपर्यंत भरलेलेच होते.

संक्रांतीच्या दिवशी मी नेहमीसारखी साडेदहाला पर्स घेऊन निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले, रिक्षा थांबवली, ती सोडून दिली आणि मागच्या गल्लीत एका ओळखीच्या बाईंकडे जाऊन बसले. त्यांच्या गच्चीवर मुलं पतंग उडवत होती. मी तिळगूळ खाल्ला, हळदीकुंकवाच्या गोष्टी बोलले. सव्वाबाराला उठले आणि मागच्या बोळातून घराकडे आले.

ऊन लख्ख होतं. समोरच्या अंगणात कोणीतरी रेडिओ लावला होता. जाळीच्या दारापाशी मी चपला काढल्या आणि उभी राहिले.

बांगड्यांचा आवाज आला. हिरव्या काचेच्या बांगड्या आणि मागे-पुढे एकेक पाटली. तो आवाज मी ओळखते. जन्मभर हात हलवला की तोच येत आला आहे. मी माझे हात घट्ट धरून ठेवले. तरी तो येतच राहिला.

जाळीतून बघितलं. टेबलावर काळं कापड होतं. त्यावर हलव्याची पांढरी वेल, मी काढते तशीच, फक्त उलट्या दिशेने वळलेली. उसाचे करवे, बोरं, गाजरं. माझी पोर तिच्या खुर्चीवर ताठ बसली होती. ती रिकाम्या ताटातून घास उचलत होती, तोंडात घालत होती, चावत होती आणि गिळत होती. तिच्या गळ्याची हालचाल मला दिसत होती.

तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा अर्धा ओढलेला होता. पडद्याच्या कडेने एक हात पुढे आला. हातात पळी होती. डावा हात. मनगटावर माझं घड्याळ होतं, ते मी डाव्या हाताला बांधते, आणि ते त्या घटकेला माझ्या डाव्या हातात होतं. पदर कमरेला खोचलेला. खांदा थोडा खाली झुकलेला, फार वेळ उभं राहिल्यावर झुकतो तसा. चेहरा पडद्याआड होता. पडदा वाऱ्याने हलला, तेव्हा कानाजवळची एक पांढरी बट दिसली. माझी तिथली बट तेव्हा काळी होती.

मी ओरडले नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. आपण ओरडलो तर तो चेहरा वळेल, असं काहीतरी वाटलं असेल.

मी दार ढकललं, सरळ टेबलापाशी गेले, माझी खुर्ची ओढली आणि बसले. सुवर्णापुढचं ताट दोन्ही हातांनी माझ्याकडे ओढून घेतलं.

ताट गरम होतं.

त्यात काही नव्हतं. स्टीलच्या तळात खिडकीचं ऊन चमकत होतं. मी बोटं घातली आणि बोटांना मऊ लागलं. घास केला. तोंडात घातला. त्याला चव नव्हती, वासही नव्हता, पण तो होता. जिभेवर त्याचा भार होता. मी गिळला. दुसरा केला. पळी कलंडल्याचा आवाज आला, ताटात आणखी काही पडल्यासारखं वजन वाढलं, तेही मी खाल्लं. वर बघितलं नाही. पोट भरत गेलं आणि भरून गेल्यावरही मी खात राहिले, वाटी पुसून घेतली, ताट पुसून घेतलं.

मग शेजारची पाहुण्यांची खुर्ची करकरली. फार दिवस उभ्या असलेल्या माणसाने एकदाचं अंग टाकावं, तशी. एक मोठा श्वास सुटला, माझ्या अगदी कानाशी.

आणि काही नाही. बाहेर मुलं ओरडली. कोणाचा तरी पतंग कापला गेला होता.

"आई," सुवर्णा म्हणाली. ती झोपेतून उठल्यासारखी डोळे चोळत होती. "मला खूप भूक लागलीय."

मी बसूनच होते. उठावं असं वाटत नव्हतं.

"आई, ऐक ना. वाढ ना मला."

मी उठले. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली बाजरीची भाकरी होती, लेकुरवाळी भाजी होती, लोणी होतं. ते सगळं आणून मी तिच्या पुढ्यात ठेवलं आणि वाढलं. ती अधाशासारखी जेवत होती, तोंडाला भाजी लागली होती, ते बघून मला रडू फुटलं. तेव्हा लक्षात आलं, पळी माझ्या डाव्या हातात होती. मी ती उजव्या हातात घेतली.

त्या संध्याकाळी गिरधर साइटवरून आले, हात-पाय धुतले आणि म्हणाले, "काय केलंय? सकाळपासून पोटात कावळे ओरडताहेत." तीन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी.

७

याला आता आठ वर्षं झाली. सुवर्णाचं लग्न गेल्या वैशाखात झालं. धुळ्याला दिली. तिच्या सासरच्या माणसांना आमचं टेबल फार आवडतं. आले की आधी बघतात, यंदा काय मांडलंय. मी दर सणाला मांडते. मी मांडलं नाही, तर कोणी दुसरं मांडेल.

मला भूक लागत नाही. लोकांसमोर घास-दोन घास तोंडात फिरवते. त्याला चव नसते. डॉक्टर म्हणतात, प्रकृती उत्तम आहे. वजन आठ वर्षांत तेवढंच आहे. कानाजवळची एक बट तेवढी पांढरी झाली, तीही एकाच वर्षात. ती मी पदराआड ठेवते.

टेबलाशी मी बसत नाही. एकदा बसून पाहिलं, दोन-तीन वर्षांपूर्वी, सगळे हसत-बोलत जेवत असताना. बसल्याबरोबर माझ्या मागे पडदा हलला. मी लगेच उठले.

या दिवाळीला सुवर्णा आणि जावई आले होते. कापसाची बोंडं मांडली होती. सगळे बसले. गिरधर आता निवृत्त झालेत, त्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे सगळे मोठमोठ्याने बोलत होते. मी पोळ्या घेऊन उभी होते.

सुवर्णाने मान वर केली. "आई, किती वेळ उभी राहशील? तू पण बस ना आमच्याबरोबर."

"तुमचं होऊ द्या आधी," मी म्हटलं. "मग मी बसते."

जावई म्हणाले, "सगळ्या आया सारख्याच." सगळे हसले आणि पुन्हा जेवू लागले.